घर बांधण्याआधी

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ही दोन्ही कामे दुरून सोपी दिसतात. अंगावर घेतली म्हणजे मग कळतात.

पण लग्नाची तयारी आपण किती करतो! पाने किती उठतील, तांदूळ किती लागेल, पाणी कोण भरील, सगळे आधी ठरते. घराचे मात्र तसे होत नाही. मनात येते, गवंडी येतो, दोरी धरतो आणि पाया खणायला सुरुवात होते. पुढचे पुढे पाहू, असे आपण म्हणतो. लग्नातली चूक चार दिवसांत विसरली जाते. घरातली चूक जन्मभर डोळ्यांपुढे उभी राहते. कधी कधी ती डोक्यावरही पडते.

म्हणून पहिला दगड बसवण्याआधी काय काय पाहावे, ते या धड्यात वाचू.

समजा, लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात एक शेतकरी आहे. घरात सहा माणसे. तो, त्याची बायको, म्हातारी आई आणि तीन मुले. दावणीला दोन बैल आणि एक गाय. जुने घर दगड-मातीचे. वर मातीचे माळवद. एका भिंतीला पोट आले आहे. पावसात माळवद गळते. दोन हंगाम बरे गेले, गाठीला थोडे पैसे आहेत. आता नवे घर बांधावे असे त्याच्या मनात आहे. त्याने काय करावे?

आधी एक वही आणावी. आपण आता लिहा-वाचायला शिकलो आहोत. त्या शिकण्याचा उपयोग इथे होतो.

जागा कोणाच्या नावावर?

वहीच्या पहिल्या पानावर लिहावे : जागा कोणाची?

“म्हणजे काय? आमचीच!” असे शेतकरी म्हणेल. पण कागद काय म्हणतो? पुष्कळ घरांत भावाभावांची वाटणी तोंडी झालेली असते. वडील म्हणाले, हा तुकडा तुझा, तो त्याचा. सगळ्यांनी मान डोलावली. कागदावर मात्र सर्वांची नावे तशीच राहिली. मग एक भाऊ कर्ज काढून घर बांधतो. दहा वर्षांनी पुतणे मोठे होतात आणि विचारतात, “काका, आमचा हिस्सा कुठं आहे?” भिंत उभी राहिल्यावर ती सरकवता येत नाही. भांडण कोर्टात जाते. घराला लागले नसतील इतके पैसे तिथे लागतात.

म्हणून वाटणी लिहून घ्यावी आणि तिची रीतसर नोंद करावी. ग्रामपंचायतीत नमुना ८ चा उतारा मिळतो. तो घ्यावा आणि स्वतः वाचावा. मात्र तो घरपट्टीचा, म्हणजे कराचा कागद आहे. नुसत्या त्याच्यावर मालकी ठरत नाही. केंद्र सरकारने २०२० साली ‘स्वामित्व’ नावाची योजना सुरू केली. तिच्यात ड्रोन उडवून गावठाणाची मोजणी करतात आणि घरमालकाला मालमत्ता पत्रक देतात. आपल्या गावाची अशी मोजणी झाली असेल तर ते पत्रक पाहावे. नाव बरोबर आहे का, हद्द बरोबर आहे का, ते तपासावे.

जागा गावठाणाबाहेर, शेतात असेल तर आधी तहसील कचेरीत चौकशी करावी. बांधकामाची परवानगी लागते का, कोणती लागते, तेही ग्रामपंचायतीत आधीच विचारावे. घर बांधून झाल्यावर विचारू नये.

पाणी कुठून वाहते?

मुहूर्त पाहायचा तर जरूर पाहावा. पण जागेवरून पाणी कुठून वाहते, ते त्याच्या आधी पाहावे.

त्यासाठी एक पावसाळा जागेवर नजर ठेवावी. मोठा पाऊस झाला की छत्री घेऊन जावे. पाणी कुठे तुंबते, कोणत्या बाजूने निघून जाते, ते पाहावे. ओढ्याकाठची जागा उन्हाळ्यात छान दिसते. पण म्हाताऱ्या माणसांना विचारावे, “आजपर्यंत पूर कुठवर आला होता?” त्यांनी दाखवलेल्या खुणेच्या वर घर बांधावे. घराचे जोते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा निदान दीड फूट उंच ठेवावे.

मग माती पाहावी. लातूरकडे, आणि महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी, काळी माती आहे. ही माती पिकाला चांगली, पण पायाला वाईट. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते. शेतात मोठ्या भेगा पडतात त्या आपण पाहतोच. तीच माती घराखालीही फुगते आणि आकसते. मग भिंतीला तडे जातात. म्हणून जागेत आधी एक खड्डा खणून पाहावा. काळी माती किती खोल आहे? खाली मुरूम कुठे लागतो? पाया मुरमापर्यंत न्यावा. मुरूम फारच खोल असेल तर दुसरी जागा पाहावी, नाहीतर अभियंत्याचा सल्ला घ्यावा. हे आधी कळले तर खर्चाचा अंदाज चुकत नाही. पुष्कळांचे निम्मे पैसे पायातच जातात, त्याचे कारण हेच.

घर जमिनीवर आखा

आता घर केवढे हवे? या प्रश्नाचे उत्तर गवंड्याला देऊ देऊ नये. ते घरातल्या माणसांनी द्यावे.

सरकारने घरकुलासाठी एक माप ठरवले आहे. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण २०१६ साली सुरू झाली. तिच्या नियमात घर कमीत कमी २५ चौरस मीटरचे हवे. म्हणजे सुमारे २७० चौरस फूट. स्वयंपाकाची जागा त्यातच आली. हे झाले लहानात लहान घर. आपल्या शेतकऱ्याने मनात २० फूट रुंद आणि २४ फूट लांब घर धरले आहे. २० गुणिले २४, म्हणजे ४८० चौरस फूट.

पण ४८० चौरस फूट म्हणजे केवढे, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. त्याला एक सोपा उपाय आहे. जागा झाडून घ्यावी. चार खुंट्या ठोकाव्या, दोरी ताणावी आणि चुन्याच्या फक्कीने सगळे घर जमिनीवर आखावे. खोल्या आखाव्या. दारे मोकळी सोडावी.

कोपरा गुण्यात आहे का, ते आपल्यालाही तपासता येते. कोपऱ्यापासून एका दोरीवर ३ फुटांवर खूण करा. दुसऱ्या दोरीवर ४ फुटांवर खूण करा. दोन्ही खुणांमधले अंतर बरोबर ५ फूट भरले, तर कोपरा गुण्यात आहे. कमी-जास्त भरले तर दोरी सरकवा.

मग घरातली सगळी माणसे त्या चुन्याच्या घरात बोलवा. आजीची बाज आणून खोलीत ठेवा. धान्याची कोठी ठेवा. घरधनिणीला चुलीच्या जागी बसू द्या.

ती म्हणेल, “अहो, इथं बसलं की दार माझ्या पाठीवर उघडतंय. आणि उजेड कुठून येणार?”

आजी म्हणेल, “रात्री मला उठावं लागतं. संडास त्या टोकाला. मधे दोन पायऱ्या. मी पडले तर?”

ही बोलणी फार मोलाची आहेत. घरात सगळ्यांत जास्त वेळ बाया आणि म्हातारी माणसे असतात. त्यांना विचारल्याशिवाय आखलेले घर म्हणजे पायाचे माप न घेता शिवलेली वहाण. चुन्याची रेघ पायाने पुसता येते. ती आज चार वेळा पुसावी लागली तरी चालेल. विटांची भिंत पुसता येत नाही.

आखताना आणखी काही गोष्टी पाहाव्या. दुपारनंतरचे ऊन पश्चिमेकडून येते. पावसाळी वारा आणि झडही आपल्याकडे बहुतेक पश्चिमेकडूनच येते. त्या बाजूला खिडक्या लहान ठेवाव्या आणि वर छज्जा काढावा. समोरासमोर खिडक्या असल्या म्हणजे वारा आरपार खेळतो. स्वयंपाक चुलीवर होत असेल तर धुराला वरून वाट द्यावी. धुराने बायांचे आणि लहान मुलांचे डोळे आणि छाती बिघडते. गोठा घराला चिकटून नसावा. वारा घराकडून गोठ्याकडे जावा, गोठ्याकडून घराकडे येऊ नये.

पुढचाही विचार करावा. मुलगा मोठा होईल, सून येईल. आणखी एक खोली कोणत्या बाजूला काढता येईल? ती बाजू आजच मोकळी सोडावी.

भिंत आणि माळवद

आता भिंतींकडे येऊ. आपल्या शेतकऱ्याकडे जुन्या घराचा दगड पुष्कळ आहे. तो म्हणतो, “दगड घरचाच आहे, माती फुकट आहे. पूर्वीसारख्याच दोन-अडीच फुटी भिंती घालू.”

आई म्हणते, “नको रे बाबा. दगडाच्या घरात मला आता झोप येणार नाही.”

ती असे का म्हणते? तिने १९९३ सालचा भूकंप पाहिला आहे.

त्या साली ३० सप्टेंबरला, पहाटे चार वाजायच्या सुमारास, किल्लारीच्या परिसरात धरणी हादरली. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसे झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गावेच्या गावे पडली. साडेसात हजारांहून अधिक माणसे गेली. पुढे ५२ गावे उठवून नव्या जागी वसवावी लागली.

त्याआधी २६ वर्षे, ११ डिसेंबर १९६७ ला, कोयनेलाही मोठा भूकंप झाला होता. म्हणजे भूकंप आपल्या मुलखाला अगदीच परका नाही.

किल्लारीकडे इतकी माणसे का गेली? धरणीच्या हादऱ्याने माणूस मरत नाही. माणूस घराखाली मरतो. तिथली पुष्कळ घरे अशी होती : भिंती जाड, पण आत माती आणि दगडगोटे भरलेले. भिंतीला बाहेरून एक थर, आतून एक थर. दोन्ही थरांना एकत्र धरणारा दगड नाही. हादरा बसला की एक थर बाहेर पडला, एक आत. वर माळवद. पाऊस आत येऊ नये, ऊन लागू नये, म्हणून दरवर्षी त्यावर माती टाकायची. टाकता टाकता ती फूट-दीड फूट जाड झालेली. भिंती सरकल्या आणि तो सगळा भार झोपलेल्या माणसांवर आला.

आपल्या शेतकऱ्याच्या भिंतीला पोट आले आहे, ते याच कारणाने. आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना सोडू लागले आहेत. ती भिंत भूकंपाची वाट पाहणार नाही. एखाद्या मोठ्या पावसातही बसेल. नवे घर होईपर्यंत त्या भिंतीजवळ कोणी झोपू नये.

मग दगड टाकून द्यावा का? नाही. दोष दगडाचा नव्हता, बांधणीचा होता. सिमेंटचे घरही वाईट बांधले तर पडते. आणि दगडाचे घरही नीट बांधले तर टिकते. त्यासाठी चार गोष्टी पाळाव्या.

पहिली : दगड मातीत नव्हे, सिमेंटच्या मालात बसवावा. भिंत दीड फुटापेक्षा जाड करू नये.

दुसरी : भिंतीच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत पोचणारे लांब दगड घालावे. उंचीत दर २ फुटांवर आणि आडवे दर ४ फुटांवर असा एक दगड हवा. तो दोन्ही थरांना बांधून ठेवतो. एवढे लांब दगड नसतील तर तेवढ्याच लांबीचा, आत सळई घातलेला काँक्रीटचा ठोकळा करून घालावा.

तिसरी : जोत्यावर एक, दारा-खिडक्यांच्या वर एक, आणि छपराखाली एक असा सळई घातलेला काँक्रीटचा पट्टा साऱ्या घराभोवती फिरवावा. तो आतल्या भिंतींवरूनही न्यावा आणि कुठे तोडू नये. कणगीला आपण आडवे बंध घालतो ना? तसाच हा घराचा बंध.

चौथी : दार किंवा खिडकी अगदी कोपऱ्यात काढू नये. कोपऱ्यापासून निदान २ फूट दूर ठेवावी.

आणि वर मातीचे जड माळवद नको. पत्रा घातला तर तो वाऱ्याने उडू नये म्हणून खाली नीट जखडावा. स्लॅब घालायचा तर सळई किती आणि कुठे, हे अभियंत्याला विचारून घालावे. पंचायत समितीत बांधकामाचे अभियंते असतात. वहीतला नकाशा त्यांना दाखवावा. विचारायला लाजू नये.

हे सगळे गवंड्याला काम सुरू होण्याआधी सांगावे. भिंत छातीइतकी आली आणि मग लांब दगडाची आठवण झाली, तर उपयोग नाही.

संडास कुठे?

संडास मागाहून बांधू, असे म्हणू नये. तो पहिल्या आखणीतच घ्यावा. दोन शोषखड्ड्यांचा संडास खेड्याला सोयीचा. एक खड्डा भरला की तो बंद करायचा आणि दुसरा सुरू करायचा. बंद खड्ड्यात दोन वर्षांत वास नसलेले कोरडे खत तयार होते. खड्डे विहिरीपासून किंवा बोअरपासून निदान ५० फूट दूर असावे, आणि उताराच्या खालच्या अंगाला असावे. नाहीतर आपलीच घाण आपल्या पिण्याच्या पाण्यात येईल. आजीसाठी वाटेत पायऱ्या नकोत, आणि धरायला भिंतीत एक दांडा हवा.

पैसा आणि वेळ

वहीचे शेवटचे पान पैशाचे. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे आपण दुसऱ्याला सांगतो. आता स्वतःसाठी लिहू.

खर्चाचे चार भाग करावे. पाया आणि जोते. भिंती. छप्पर. आणि दारे, खिडक्या, गिलावा, संडास. गावात याच वर्षी ज्यांनी घर बांधले, अशा तिघांकडे जावे. कोणत्या भागाला किती लागले, ते विचारून लिहावे. शेवटी बेरीज करावी. त्या बेरजेत दर दहा रुपयांमागे एक रुपया वरचा धरावा. अडचण सांगून येत नाही.

मग छपराचे पैसे आधी बाजूला काढून ठेवावे. हे नीट ध्यानात घ्या. गावोगाव अर्धी घरे उभी दिसतात. भिंती आहेत, वर काही नाही. माणूस उत्साहाने मोठा पाया घालतो, भिंतीपर्यंत पैसे संपतात. मग सावकाराच्या दारात जावे लागते आणि घरासाठी शेत गहाण पडते. बेरीज जुळत नसेल तर आज दोनच खोल्या बांधाव्या. लहान पण पुरे झालेले घर बरे. घरकुलाची मदत मिळणार असेल तर तीही काम पुढे जाईल तसतशी हप्त्यांनी मिळते. सगळी रक्कम हातात आली असे धरून चालू नये.

गवंड्याशी बोली कशी, रोजाने की उक्ते? काहीही ठरवा, पण लिहून ठरवा. काय काय काम, किती दिवसांत, किती पैसे, कोणत्या वेळी किती द्यायचे, ते सगळे लिहावे. खाली दोघांनी सह्या कराव्या. आता अंगठा नको.

माल येईल तो मोजून घ्यावा. वाळू, खडी ब्रासने मिळते. १०० घनफूट म्हणजे एक ब्रास. ट्रॉली १० फूट लांब, ५ फूट रुंद आणि माल २ फूट उंच असेल, तर १० गुणिले ५ गुणिले २ म्हणजे १००. एक ब्रास पुरा झाला. माल दीडच फूट भरला असेल तर ७५ घनफूटच झाले. म्हणजे पाऊण ब्रास. टेप हातात असली की कोणी फसवत नाही. सिमेंट एकदम भरून ठेवू नये. तीन महिन्यांनंतर त्याचा जोर कमी होत जातो. लागेल तसे आणावे आणि ओलीपासून जपावे.

वेळही ठरवावी. बांधकामाला पाणी पुष्कळ लागते. सिमेंटच्या कामावर निदान दहा दिवस पाणी मारावे लागते. उन्हात ते वाळले तर कच्चे राहते. मे महिन्यात विहीर आटली असताना पाणी कुठून आणणार? म्हणून दिवाळीनंतर, विहिरीला पाणी असताना काम धरावे. पावसाळ्याच्या आत छप्पर पडेल असे पाहावे.

आता आपल्या शेतकऱ्याची वही भरली. जागेचा कागद आहे. खड्डा खणून मुरूम पाहिला आहे. चुन्याची रेघ चार वेळा पुसून पाचव्यांदा ओढली आहे. लांब दगड निवडून वेगळे रचले आहेत. छपराचे पैसे बाजूला आहेत.

आई विचारते, “भिंतीत ते लांब दगड घालणार ना रे?”

तो म्हणतो, “घालणार, आई. वहीत लिहिलंय. मिस्त्रींनी सहीसुद्धा केलीय.”

आता गवंड्याला बोलवायला हरकत नाही.